मामांच्या पानथरीची स्लाइड

स्लाइड उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "मला न्हाई पटत."

लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या वैद्यकीय कॉलेजातले हे तंत्रज्ञ. सगळे त्यांना मामा म्हणत. अवयवांचे केसाहून पातळ काप काढून काचेच्या स्लाइडवर रंगवणं हे त्यांचं काम आणि कशावरही विश्वास न ठेवणं हा स्वभाव. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. पिरंगुटच्या खाटकाने ताजी म्हणून दिलेली बकऱ्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, मामा आधी हुंगत.

तेव्हा मी बकऱ्याच्या पानथरीतल्या रक्तवाहिन्यांवर प्रबंध लिहीत होते. त्यांची टोकं उघडी असतात, हे मला दाखवायचं होतं. एकदा हवं ते दिसलं. बारीक वाहिनीचं टोक उघडं आणि रक्तपेशी थेट भोवतालच्या मऊ गरात सांडलेल्या! मी मामांना बोलावलं.

"मॅडम, सगळ्या फटी एकाच दिशेला कशा? पात्यानं फाडलंय हे."

वाटलं, यांना माझं चांगलं बघवत नाही. त्यांनी पातं बदलून पुढचे काप काढले. वाहिनी शाबूत होती. फोटो मी गुपचूप प्रबंधातून काढला.

पुढे मामांचीच पानथरी सुजली. ऑपरेशन करून काढावी लागली. अहवाल आला, कर्करोग नाही. मामा आपल्या पानथरीची स्लाइड मागून घेऊन माझ्याकडे आले.

"तुमी बघा."

वाहिन्या फुगून रक्ताने तुडुंब भरल्या होत्या, पण वाईट पेशी कुठेच दिसेनात. "अहवाल बरोबर आहे, मामा."

ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. "मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

मी खुर्ची सोडली. "बकऱ्याची समजा आणि चूक काढा."

ते बसले. स्लाइड या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकवत राहिले. चहा गार झाला.

"रंग लई फिका बसलाय."

"आणि?"

"बाकी..." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "बाकी बरोबर हाय."

त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. मी स्टॉपपर्यंत सोबत गेले. टाके ओढत होते, म्हणून डाव्या बरगडीखाली हात धरून ते सावकाश उतार उतरले. बस आली. पाटी पौडची होती.

"पौडलाच जाती न्हवं?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. मग खिडकीतल्या एका बाईंना विचारलं. मग चढले.