‘रवा बाई’ म्हणणारे गृहस्थ

उजव्या हाताचा पंजा छातीपर्यंत उचलायचा, बोटं जुळवून तो समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचं, "रवा." बाईमाणूस असेल तर "रवा बाई." पोर असेल तर "राव गो." बैलाला, पोस्टमनला, एस.टी.च्या कंडक्टरला, सगळ्यांना तोच पंजा आणि तोच शब्द.

आमच्या मालवणी मुलुखात हा एक शब्द फार राबतो. थांब म्हणायचं तर राव. कुठे राहतोस विचारायचं तर खंय रवतस. भांड्यात भात उरला तर तो रवलो, करायचं काम राहून गेलं तर तां रवला, आणि एखादीचं लग्न जमलं नाही तर ती बिचारी रवली. एवढी ओझी वाहणारा शब्द आधीच थकलेला असणार. पण या गृहस्थांनी त्याला जितकं राबवलं तितकं आख्ख्या देवगड तालुक्यानं मिळून राबवलं नसेल.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. दिसला की पाया पडा. त्याच्या हातात कुठलंही काम मात्र देऊ नका.

मी मूळची फोंडाघाटची. आमचा बाजाराचा गाव, घाट चढणारी गाडी कुणासाठी थांबत नाही हे आम्हाला पाळण्यातच कळतं. नवरा वारल्यावर मी ट्रेनिंग केलं आणि मास्तरीण होऊन मिठबावच्या अलीकडच्या एका गावात आले. त्या ट्रेनिंगनं मला पुन्हा माणसात आणलं, नाहीतर दिराच्या घरी चुलीपुढे बसून डोळे फोडले असते. गावात राहायला या गृहस्थांच्या पडवीलगतची खोली मिळाली. पहिल्या दिवशी ट्रंक घेतलेला गडी आणि मी अंगणात उभे, आणि यांनी पंजा वर केला. "रवा बाई." आणि आत गेले ते गेलेच. आम्ही उन्हात तासभर. बाहेर आले तेव्हा हातात केरसुणी होती. खोली झाडत होते म्हणे. ती खोली झाडायला मला दहा मिनिटं लागतात, आणि मी काही झपाटलेली बाई नव्हे.

घरात ते आणि त्यांची मुलगी सुलू. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. मोठा मुलगा मुंबईला, त्याची पत्रं आधी महिन्याला यायची, मग दिवाळीला, मग नाहीच. घर सुलू चालवायची. मी आले तेव्हा ती माझ्या सहावीच्या वर्गात होती आणि शाळेत यायच्या आधी भाकऱ्या थापून, गुरांचं शेण काढून, विहिरीचं पाणी भरून यायची. त्या विहिरीची दोरी तीन ठिकाणी तुटून गाठी मारलेली होती. गाठ रहाटात अडकली की पोर लोंबकळून ती सोडवायची. "काकानू, नवी दोरी आणा की," मी म्हटलं. "रवांदे बाई. अजून ओढता मगे." दोन वर्षं ओढली.

आंब्यांचंही तेच. शेजारपाजारचे आंबे उतरून पेंढ्यात जायचे तेव्हा यांचा पंजा वर. "झाडारच पिकांदेत, झाडाचो आंबो गोड लागता." लागत असेल, कावळ्यांना विचारायला हवं. कारण शेवटी खाल्ले ते त्यांनीच.

एकदा मुलाला भेटायला मुंबईला निघाले होते. विजयदुर्गच्या बंदरात आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं तिच्यावर चढवायची. सगळे पडावात बसले, आणि हे धक्क्यावर धोतराचा सोगा सावरीत म्हणतात, "राव रे, लाटो बघूंदे." लाटा बघितल्या. पडाव गेला, आगबोटीनं भोंगा दिला, तीही गेली. दुसऱ्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन घरी हजर. तोंडावर काडीचं दुःख नाही. "बरां झालां बाई. वारो बरो नव्हतो." मी म्हटलं, "वारा कशाला वाईट? तुमच्यासारखा माणूस न घेता गेला, शहाणाच म्हणायचा." ते हसले. त्यांच्यावर राग काढावा तर हे असं.

सुलू सातवीच्या फायनलला तालुक्यात वरची आली. मीच तिच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला, मीच धाडला. कोल्हापूरहून पत्र आलं. सोमवारी सकाळी अकरापर्यंत मुलीनं हजर व्हावं, न आल्यास जागा दुसरीला देण्यात येईल. स्वच्छ लिहिलेलं. मी ते पत्र ओसरीवर त्यांच्यापुढे धरलं.

पंजा वर आला. "रवा बाई. देवाक विचारूया."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्यानं पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे पाकळीकडे डोळे लावून बसतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आणि कुठलीच पडली नाही तर देव म्हणतो, थांब. आता सांगा, यांचं आणि देवाचं का जमणार नाही?

हे देवळाचे मानकरी. कौलाचं पाणी आणि फुलं आपल्या घरून नेण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. बुधवारी सकाळी तांब्या आणि जास्वंदीची फुलं घेऊन गेले. गुरवानं पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक शिकाक धाडूचा आसात तर उजवी दी!" चेडू म्हणजे मुलगी. "व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले. सकाळची दुपार झाली. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. "रवाचा म्हणता देव," हे समाधानानं म्हणाले. शुक्रवारी पुन्हा. पुन्हा तसंच. गुरवाच्या पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा कुठे उठले. सुलूची ट्रंक मात्र भरून तयार होती, ते मी पाहिलं होतं.

शुक्रवारी देवळातून परतताना तो तांब्या मीच उचलून आणला. विहिरीवर घासायला घेतला, आत हात घातला, आणि हात बुळबुळीत. पाण्याची तारच निघाली. मी तशीच उभी राहिले. ते पाणी मला चांगलं ओळखीचं होतं. दर रविवारी मी आणि सुलू जास्वंदीची पानं चुरगळून त्याच पाण्यानं केस धुवायचो! सोडवायला चार चार तांबे लागतात त्याला. त्या पाण्यानं लावलेली पाकळी पडायला भूकंपच व्हावा लागला असता.

तुम्ही म्हणाल, चुकून झालं असेल. अंगणातल्या जास्वंदीखाली चुरगळलेल्या पानांचा चोथा पडलेला होता. मी बघून आले. देवाला थांब म्हणायला लावणारा हा शहाणा! माझ्या तोंडात जेवढ्या शिव्या होत्या तेवढ्या मी विहिरीत दिल्या.

रविवारी सकाळी तिसरा कौल. दुपारी तिठ्यावरून फोंड्याची गाडी, रात्री माझ्या आईकडे वस्ती, आणि पहाटेच्या गाडीनं घाट चढून कोल्हापूर. ही गाडी चुकली की सुलू जन्मभर त्या गाठीच्या दोरीला लोंबकळणार. देवळात पंधरा-वीस माणसं होती. गुरवानं तांब्यात हात घालण्याआधी मी उठले.

"गुरवानू, त्या पाण्याचा वास घेवा. बोट घालून बघा."

बाईमाणसानं कौलात तोंड घालावं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. गुरवानं बोट घातलं, वर काढलं. बोटाबरोबर तार आली. तो यांच्याकडे बघत राहिला.

"ह्यां काय मानकऱ्यांनू?" गुरव म्हणाला. "देवाक फसयल्यात?"

मला वाटलं होतं, नाकारतील. मग मी चोथा दाखवणार होते, पदरात बांधून नेला होता. पण ते खांबाला टेकून बसलेले होते, तसेच बसून राहिले.

"देवाक काय फसवतलंय," ते म्हणाले. "देवाक सगळा म्हायत आसा. झील मुंबैक गेलो तो परत येवक नाय. आता चेडू गेलां तर माझ्या घरात कोण रवतला?"

भरल्या देवळात, मुलीच्या देखत. मला त्या क्षणी दया आली असं लिहायला हवं, पण आली नाही. मला एवढंच वाटलं की हा माणूस हे वाक्य बुधवारीच बोलला असता तर आमचे चार दिवस वाचले असते. आणि हेही वाटलं की स्वतःच्या भीतीसाठी देवाला पुढे करणारा भित्रा.

गुरवानं तांब्या उपडा केला. "विहिरीचा पाणी आणून परत लावूया?"

"नको," ते म्हणाले. सुलूकडे बघितलं नाही. "आता विचारूचा काय? धाडा तिका."

मग देवापुढे नारळ ठेवून त्यांनी गुन्हा कबूल केला. मी सुलूचा हात धरून तिठ्याकडे निघाले. जिंकल्यासारखी चालत होते, खोटं कशाला बोलू. तिनं मागे वळून बघितलं की नाही, माझं लक्ष नव्हतं.

ट्रेनिंग दोन वर्षांचं. हे घरात एकटे. पहिल्या महिन्यात तीनदा भात करपवला. वास माझ्या खोलीत यायचा, मग मीच एक भाकरी जास्त थापायला लागले. "रवा बाई, मी करतलंय," असं म्हणायचे आणि भाकरी घ्यायचे. सुट्टीत सुलू यायची तेव्हा आठवडाभर आधी अंगण झाडून ठेवायचे. नवी दोरीसुद्धा आणली. ती वापरायला घरात कुणी उरलं नाही तेव्हा सुचलं! मी तसं त्यांना म्हटलंही. माझ्या जिभेला हाड नाही.

दुसऱ्या वर्षी, तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली असताना, यांच्या छातीत कफ झाला आणि ताप चढला. देवगडहून डॉक्टर आणला. त्यानं बाहेर येऊन मान हलवली. मी चपला घातल्या. पोस्टात जाऊन कोल्हापूरला तार करायची, दुसऱ्या दिवशी पोर इथे असेल.

खाटेवरून पंजा वर आला. नीट उचलतही नव्हता.

"रवा बाई. परीक्षा होवंदे. तिका लिवा, बाबा बरे आसत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे. पण त्या पाण्याखाली दुसरंही काही होतं. तिचं सर्टिफिकेट मला माझ्यासाठी हवं होतं. देवळात वीस माणसांपुढे मी जे ओढून घेतलं होतं, ते शेवटच्या आठवड्यात हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मी चपला काढल्या. कार्ड लिहिलं. बाबा बरे आहेत, अभ्यास कर. तीन दिवसांनी दुसरं कार्ड लिहिलं, तेच. त्यांनी ते वाचून घेतलं आणि मान डोलावली.

ते गेले तेव्हा तिचे चार पेपर व्हायचे होते. पुतण्यानं अग्नी दिला. मुलाला पाठवलेलं पत्र पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. आणि सुलूला मी तेव्हाही कळवलं नाही. म्हटलं, आता येऊन ती काय बघणार.

आठ दिवसांनी ती तिठ्यावर उतरली. मी एकटीच आणायला गेले होते. पांढरं पातळ, दोन वेण्या, हातात ट्रंक. उतरल्या उतरल्या पेपर कसे गेले ते सांगायला लागली, आणि माझ्याकडे बघून मध्येच थांबली. मी सगळं सांगितलं. तिठ्यावरच, उभ्यानं. दोन कार्डांचंही सांगितलं.

ती रडली नाही. ट्रंक खाली ठेवली.

"तार कित्याक नाय केलात, बाई?"

"तुझ्या बाबांनीच नको म्हटलं गो. मी पोस्टात निघाले होते. त्यांनी थांबवलं."

पोरीच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता.

"बाबांचा तुम्ही कधीच ऐकलात नाय, बाई," ती म्हणाली. "मगे हीच एक गोष्ट कित्याक ऐकलात?"