रुपालीचे ‘आहे’

रुपाली मिरकरवाड्यातल्या मच्छीमार घरात वाढली. वडील बोट घेऊन गेले, की घरचे त्यांच्याशी वायरलेसवर बोलत, आणि त्यांचे प्रत्येक वाक्य संपताच ‘आहे’ म्हणायचे, अशी तिथल्या बोटवाल्यांच्या घरांची रीत होती. आपले बोलणे कोणी ऐकते आहे, हे समुद्रावरच्या माणसाला एरवी कळणार कसे?

आता ती रत्नागिरीतल्या एका मानसिक आधार हेल्पलाइनवर समुपदेशक आहे. तिथे ही सवय दोष ठरली. शांतता मोडू नये, समोरच्याला त्याचे शब्द सापडू द्यावेत, असे तिथले प्रशिक्षण. पर्यवेक्षक योगिनीताई तिला टोकत, “रुपाली, हा फोन आहे, बोट नाही.”

पुढची हकिकत या दोघींशी आणि फोन करणाऱ्या तरुणाशी स्वतंत्रपणे बोलून, त्याच्या संमतीने लिहिली आहे. त्याचे नाव बदलून दीपेश केले आहे.

मुंबईतली नोकरी सुटून परतलेल्या दीपेशने एका दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावरून फोन लावला. “आता जगायचं नाय,” एवढे बोलून तो थांबला. रुपालीने त्या दिवशी नियम पाळायचे ठरवले होते. तीही थांबली.

“ठेवलात ना फोन? सगळे असंच करतात.”

“आहे!” ती जवळजवळ ओरडलीच. “आहे रे, ऐकतेय.”

“बोटवाल्यांतल्या काय तुमी?”

“मिरकरवाड्याची.”

“तरीच फोनातून म्हावऱ्याचा वास येतोय.”

“येऊ दे. तू बोल.”

तो बोलू लागला आणि ती दर वाक्याला ‘आहे’ म्हणत राहिली. बहीण हातखंब्याला असते, असे बोलण्यात आले.

“बोलावू तिला?”

“ओरडेल ती.”

“ओरडू दे की!”

त्याने नंबर दिला. योगिनीताईंनी दुसऱ्या फोनवरून बहिणीला, आरोहीला, कळवले. ती पोचेपर्यंत रुपालीने दीपेशला बोलते ठेवले.

एका शब्दाने जीव वाचला, असा माझा दावा नाही. दुसऱ्या कोणाला कदाचित शांतताच हवी असती. दीपेशला तो शब्द आठवतही नाही. “पलीकडे माणूस होतं, तेवढं कळत होतं,” असे तो सांगतो.

अखेर फोनमध्ये वाऱ्याचा घोंघाट झाला, मग धापा टाकणारा बाईचा आवाज आला. “ताई, आरोही बोलतेय. रडतोय, पण माझ्याजवळ बसलाय. ऐकताय ना?”

रुपाली फोन कानाशी धरून नुसती मान हलवत राहिली. योगिनीताईंनी तिला कोपराने ढोसले.

“अगं, ‘आहे’ म्हण की!”