डोळे : पेण

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीतून उतरलेल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, "अण्णा गेले." लिहायला लाज वाटते, पण आधी रडू आलं नाही, भीतीच वाटली. हे माझ्यामुळं तर नाही ना...

अण्णा रोह्याच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीनं कधीकाळी त्यांना शिकायला रशियात धाडलं. येताना बाकीच्यांनी कॅमेरे आणले. अण्णांनी ट्रंकभर लाकडी चमचे, मातीच्या शिट्ट्या, झाडाच्या सालीच्या टोपल्या. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घराची पुढची खोली त्यांनी या वस्तूंचं संग्रहालय केली. पुढं तो देशच मोडला, पण त्याचे चमचे वरशात शाबूत राहिले. गेल्या वर्षी तिथली कपाटं रंगवायला त्यांनी मला बोलावलं. मी पेणचा गणपतीवाला, डोळ्यांची आखणी माझ्याकडे, आणि तिचा माजही. अण्णा आत जेवत होते. कपाटात एक चिंध्यांची बाहुली दिसली, तोंडाच्या जागी नुसतं पांढरं फडकं. आमच्या कारखान्यातून बिनडोळ्यांचं काही बाहेर पडत नाही. हात शिवशिवले. दोन डोळे, दोन भुवया... झकास!

अण्णा हात पुसत आले आणि जागीच थबकले.

"गाढवा, काय केलंस हे? तिकडं मुद्दाम चेहरा काढत नाहीत. डोळे दिले की आत काहीतरी येऊन बसतं म्हणतात."

"मग... पुसू?"

"तुमच्यात दिलेले डोळे पुसतात?"

"नाय."

"मग आता आलंय ते राहील."

नंतर भेटले की अण्णा मुद्दाम म्हणत, "चल घरी, ती वाट बघतेय तुझी," आणि हसता हसता खोकत. तो खोकला वाढत गेला, तसं माझं वरशाला जाणं बंद झालं. निरोप आला की सांगायचो, गणपतीचा सीझन हाय... ऐन फाल्गुनात!

परवा धीर करून गेलो. बाहुली अण्णांच्या रिकाम्या खाटेसमोर, खुर्चीत बसवलेली होती. माझे पाय उंबऱ्यातच अडले. वहिनी म्हणाल्या, "त्यांनीच बसवायला लावली, भावजी. म्हणायचे, कुणीतरी बघतंय तेवढंच बरं वाटतं. तो भित्रा काय येत नाय." मग त्यांनी बाहुली उचलून माझ्या हातात दिली. "जागेवर ठेवा."

कपाटात अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'चिंध्यांची बाहुली, रशिया. डोळे : पेण.'

बाहुली ठेवली. तिच्याकडे पाठ फिरवायची काही हिंमत झाली नाही... तिच्या डोळ्यांत बघतच, एकेक पाऊल मागं टाकत खोलीबाहेर आलो.