नाव घालायला जागा

"दिगूभाऊ गेले," असं बायकोनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कुवेतमधल्या अर्दियाच्या गोदामात एसीचे खोके उतरवून घेत होतो. मी विचारलं, "कुठे? रेंजवर? आज तर गुरुवार!" तिकडून हुंदका आला, आणि ते कुठल्या अर्थानं गेले हे माझ्या डोक्यात शिरलं. सख्ख्या साडूच्या मृत्यूवर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे असं. या लेखात मी इतरांची बरीच शोभा करणार आहे, तेव्हा सुरुवात घरातून झालेली बरी.

दिगूभाऊ जाब्रियातल्या एका दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे आणि शुक्रवारी रेंजवर पॉइंट टू-टूची रायफल चालवायचे. आपल्यासारख्या बाहेरच्या माणसानं इथे बंदूक घरी ठेवायची नसते. रेंजवर जायचं, तिथलीच हातात घ्यायची, तिथेच ठेवून यायची. त्यांना गाडी चालवायचा कंटाळा, म्हणून ड्रायव्हर मी. एकदा मलाही झोपवलं जमिनीवर आणि चाप ओढायला लावला. समोर लावलेल्या माझ्या नेमाच्या कार्डावर काहीच उमटलं नाही. शेजारचा कुवेती गृहस्थ मात्र उठून आला, माझा हात हातात घेऊन "शुक्रन, शुक्रन" म्हणत आभार मानू लागला. माझी गोळी त्याच्या कार्डाच्या मध्यावर लागली होती.

त्यांची मुग्धा इथेच जन्मली, पुण्याला कॉलेजात गेली आणि तिथल्या रायफल क्लबात रमली. टेकू देऊन, दुर्बीण लावून पन्नास मीटरवर मारायचं, असा तिचा प्रकार. क्लबाची रायफल दहा जणांच्या खांद्याला लागून कुणाचीच राहिली नव्हती. मुग्धाचं लायसन्स हातात आलं आणि बापानं जाहीर केलं, पोरीला तिची स्वतःची घ्यायची, निवडणार मी. झालं. त्या निवडीचा मला इतका वीट आला की सांगता सोय नाही. साडीच्या दुकानात मी बायकोबरोबर बसलोय, पण तिथे निदान चहा तरी येतो. हे गृहस्थ इथल्या रेंजवर एका रायफलीतून एका कंपनीची काडतुसं मारणार, कार्ड बदलणार, मग दुसऱ्या कंपनीची, मग तिसऱ्या. "प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते हो. काडतूस तिला विचारून घ्यायचं." बोल्ट हातानं मागे ओढताना कान असा लावायचे, जणू आतून कोणी नाव घेऊन हाक मारणार आहे. बॅरल जाड हवं, चाप न अडखळता सुटला पाहिजे, आणि दस्ता मुग्धाच्या हाताच्या मापाचा. ते माप त्यांनी तिच्या शाळेच्या जुन्या युनिफॉर्मच्या बाहीवरून काढलं. मी म्हटलं, "भाऊ, पोरगी आता वीस वर्षांची आहे." तेव्हा कुठे तिला फोन केला.

वर लावायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, तर विचारूच नका. खैतानच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीच्या काचेवर त्यांनी मार्करनं एक काळा ठिपका काढला, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी जुळवून. मला खुर्चीत बसवलं. "आता डोकं हलवा. काय झालं?"

"ठिपका टाकीवरून सरकला."

"टाकी हलली?"

"नाही."

"स्कोपातली फुली अशी सरकली की नेम गेला. पन्नास मीटरवर न सरकणारा स्कोप पाहिजे. मोठा नको, खरा पाहिजे. आणि गाल दर वेळी त्याच जागी टेकवायचा." ताई, म्हणजे माझी मेव्हणी, आतून ओरडली, "काच कोण पुसणार आहे ती?" तेव्हापासून ती काच कोणी पुसली नाही.

अखेर निवड झाली. साधी, लाकडी दस्त्याची, जरा कुरूपच रायफल आणि वर आखूड स्कोप. पुण्याच्या दुकानदाराला फोन करून तशीच एक बाजूला काढून ठेवायला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तो गुरुवार आला.

शोकसभेत एकामागून एक माणूस उठून म्हणत होता, "आयुष्याचा काही नेम नाही." दिगूभाऊंच्या सभेत नेम नाही! मी मागे बसून दात खात होतो. त्यात इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की दिवंगताच्या कन्येस मंडळातर्फे रायफल भेट. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मुग्धा पुण्याहून आलेली, मान खाली घालून बसलेली. वडिलांनी निवडलेली रायफल आता येईल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. काळीकुट्ट, लष्करी थाटाची काहीतरी वस्तू आणि तिच्यावर दुधाच्या बरणीएवढा स्कोप.

"भाऊंनी वेगळी निवडली होती," मी म्हटलं.

"ती पाहिली हो. लाकडी! फोटोत लाटण्यासारखी दिसते. आणि त्या एवढ्याशा स्कोपवर नाव कुठे घालणार?"

"कुणाचं नाव?"

"मंडळाचं. आणि खाली 'कै. दिगंबररावांच्या स्मरणार्थ'. यावर दोन ओळी आरामात बसतात. दस्त्यावर पितळी पट्टीसुद्धा मारू, चार स्क्रू."

स्टीलच्या पातेल्यावर, देवळातल्या पंख्यावर, बागेतल्या बाकावर नाव घालून घालून आमचा हात इतका बसलाय, की आता मेलेल्या माणसाच्या पोरीच्या स्कोपवरही. खरं सांगतो, मला शिसारी आली. चहा तसाच ठेवून उठलो. बाणेदारपणे उठलो असं लिहिलं असतं, पण गाडीची किल्ली टेबलावर राहिली आणि परत जावं लागलं.

मुग्धा नाही म्हणणार कशी? सगळे वडिलांच्या वयाचे, वर उपकार. मी दुकानदाराला गळ घातली, त्यानं दोन्ही रायफली पुण्याला परतलेल्या मुग्धाच्या क्लबात नेल्या आणि व्हिडिओ कॉल लावला. इकडे मी, ताई आणि अध्यक्ष. मुग्धानं मोठ्या स्कोपला डोळा लावला, डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं.

"काका, it's moving. फुली पळतेय."

"मग डोकं हलवू नकोस ना, बेटा!" अध्यक्ष म्हणाले.

मुग्धानं दुसरीला गाल लावला. डोकं हलवलं. बराच वेळ हलवत राहिली... "ही नाही हलत," ती म्हणाली आणि मग स्पष्ट मराठीत, "मला बाबांची हवीय. तिच्यावर नाव नको. कुणाचंच. बाबांचंसुद्धा."

ताईनं पदर डोळ्यांना लावला. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मंडळाचा निधी मग ग्रंथालयाच्या कपाटाकडे वळवता येईल, असं सुचवलं. कपाटाला दारं मोठी असतात. रायफल ताईनं आणि आम्ही मिळून घेतली.

ताई आता पुण्याला निघालीय. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, फ्लॅट ताब्यात घ्यायला येणार, म्हणून काल मला काच पुसायला सांगितलं. मी सगळी काच पुसली, ठिपका सोडून. मग त्यांच्या खुर्चीत बसलो. ठिपका टाकीच्या भलत्याच बाजूला. पुढे सरकलो, मागे झालो, काही जमेना. शेवटी लक्षात आलं, खुर्चीच्या पाठीच्या एका कोपऱ्यावरचं पॉलिश उडालंय, बरोबर गालाच्या उंचीवर. मी तिथे गाल टेकवला.

ठिपका टाकीवर बसला.