दारात चालू ठेवलेली गाडी

बाळांनो, गेल्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, की आजी जरा कुठे थांबली की गाडी लगेच बंद का करते, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागून इतकी निवांत कशी जाते. तेव्हा उत्तर राहून गेलं, ते आता लिहिते.

माझी धाकटी बहीण पलूसला राहते. तिला दमा आहे. दर महिन्याला मी साताऱ्याहून आपली जुनी डिझेल गाडी घेऊन तिच्याकडे जाते. तिकडे निरोप उंबऱ्यावर संपत नाही. 'निघते' म्हटलं की कुंकू लावायचं, मग डिकीत शेवग्याच्या शेंगा आणि गूळ भरायचा, मग फाटकाशी पुन्हा पहिल्यापासून गप्पा. आपण खरंच निघालो आहोत हे दिसावं म्हणून मी गाडी आधीच चालू करून ठेवत असे. ती अर्धा-अर्धा तास घरघरत राही. बहीण तोंडाला पदर लावून उभी असे, डोळे भरलेले. मी जाते म्हणून तिला वाईट वाटतंय असं समजून मी आणखी दहा मिनिटं थांबे.

एकदा तिच्या यजमानांना राहवलं नाही. ते सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले, बोलायला सरळ.

"आवं आक्का, ती रडत न्हाई. धूर लागतोय तिला. तुमी गेल्यावर दोन दिवस खोकत बसती."

मी गाडी बंद केली. बहीण त्यांच्यावर चिडली, तुम्हांला कुणी विचारलं होतं म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, की सांगितलं असतं तर तू लवकर निघून गेली असतीस.

त्या दिवशी यजमान हमरस्त्यापर्यंत माझ्या शेजारी बसून आले. डिझेल कमी जळून धूर कमी व्हावा म्हणून चाकांत हवा पुरेशी ठेवायची, डिकीतलं विनाकारण वाहिलेलं सामान काढायचं, पाय हलका ठेवायचा, पुढच्या गाडीशी अंतर राखायचं म्हणजे सारखा ब्रेक लागत नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. उसाच्या ट्रॅक्टरमागे मी हॉर्न वाजवला तेव्हा म्हणाले, "त्यो कारखान्याला चाललाय. तुमची उसाची मोळी हाय का त्यात, एवढी घाई कराया?"

घरी आल्यावर मी गाडी गॅरेजमध्ये नेऊन धुराची तपासणी आणि दुरुस्ती करून घेतली. साताऱ्यातली बँक, भाजी, औषधं आता एकाच फेरीत उरकते, जवळचं असेल तर चालत जाते. त्या परखड माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. तो भीड धरून गप्प बसला असता, तर मी आजही माया करायला थांबून बहिणीचा श्वास कोंडत राहिले असते.

या दिवाळीनंतर ती कित्येक वर्षांनी माझ्या गाडीत बसून साताऱ्याला आली. कऱ्हाड मागे पडलं तरी दम्याचा पंप तिच्या पिशवीतच होता. घरी पोचल्यावर तिनं यजमानांना फोन लावला आणि सांगितलं, आठ नाही, पंधरा दिवस राहणार आहे.