लॅपटॉपांची इर्जिक

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याची नोकरी लॅपटॉपात घालून गावी, नेकनूरला आलो. एका सकाळी साहेबांनी बजावलं, "आज संध्याकाळी पाचच्या आत सॉफ्टवेअर तयार होऊन आलं नाही, तर सोमवारपासून ऑफिसात दिसायचं." आता आला का घोळ! आईला असं टाकून जायचं कसं? सगळा कोड कंपाइल करून त्याचं चालतं सॉफ्टवेअर बनवायला माझ्या एकट्या लॅपटॉपला रात्र झाली असती. त्याचे असतील नसतील ते प्रोसेसर जुंपले, तरी तो नुसता तापून फुरफुरत होता.

वडील म्हणाले, "कावून कुढायलास? इर्जिक घाल की." इर्जिक म्हणजे एकाचं रान सगळ्यांनी आपापली बैलं आणून एका दिवसात नांगरायचं. ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं, आणि पुढं त्यानं प्रत्येकाच्या रानात जाऊन राबायचं.

अहो, खरंच आले की लोक! कुणी पोरीचा कॉलेजचा लॅपटॉप आणला, कुणी झेरॉक्सच्या दुकानातला डबडा कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन आला. ओसरीवर सगळे एका वायफायला जोडले, कोडचे तुकडे वाटून दिले. पंखे घुमायला लागले आणि पडद्यावरचे टक्के असे पळाले की मला आनंदानं रडूच आलं.

मग ताटं वाढली. तशी एकेकानं आपापली मशीन पटापट बंद केली.

"अहो काका, काय करताय!" मी बोंबललो.

"कावून रे, बैलं सोडल्याबिगर माणसं जेवतेत का?" शेजारचे काका म्हणाले. "लई तापलेत बिचारे. दम खाऊ दे."

मी हातापाया पडलो. पण पानसुपारी होईपर्यंत एकानंही झाकण उघडलं नाही.

तरी पाचच्या तोंडावर काम पोचलं. साहेब खूश! म्हणाले, "रहा तिकडेच." मी पळत जाऊन आईला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून फेड सुरू झाली. सकाळी एकाचा कापूस वेचायचा, दुपारी दुसऱ्याच्या बांधावर लॅपटॉप उघडून साहेबांना तोंड दाखवायचं, मग तिसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचं. अंधार पडल्यावर घरी यावं, तर आई भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"आई, रागावलीस का?"

"न्हाई रे. पुण्यात व्हतास तवा दोन टाइम फोन तरी यायचा."