अरबाबच्या खिशातली खसखस

माझी नोकरी राखली ती आमच्या उस्तादांनी. पेशावरचे आहेत, दाढी मेंदीची, आणि अबुधाबीबाहेरच्या नेमबाजी क्लबाच्या वर्कशॉपात काडतुसं भरण्याचं काम त्यांनीच मला शिकवलं. आठवीत शाळा सोडून सांगलीहून आलेल्या माणसाला बंदुकीची दारू तोलायचा काटा हातात देणं म्हणजे धाडसच.

आमच्या अरबाबना, म्हणजे मालकांना, एक जुनी शिकारी रायफल फार प्रिय. तिचा घसा लांब. काडतूस बसतं तिथून नळीतल्या खाचा सुरू होईपर्यंतची मोकळी जागा म्हणजे घसा. पूर्वी ते जड, लांब गोळी वापरत. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धक्का कमी बसावा म्हणून हलकी, आखूड गोळी मागितली. शुक्रवारी भावांसमोर नेम दाखवायचा होता. माझा करार त्याच महिन्यात संपत होता आणि नव्या करारावर सही अरबाबची.

नेमके उस्ताद त्या सकाळी व्हिसाच्या मेडिकलला गेले. मी एकटा. जड गोळीच्या वेळी ते म्हणायचे, गोळी खाचांच्या जवळ ठेव. मी हलकीलाही तेच केलं. ती आखूड, म्हणून पुढे ओढत गेलो, ओढत गेलो, शेवटी ती काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या तोंडाला नुसती टेकून राहिली. जवळ गेली ना, म्हणून मी खूश.

वर्कशॉप ते रेंज रस्त्यात गतिरोधक भरपूर. अरबाबनी काडतुसांची डबी कंदुऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्याच्या, खिशात टाकली होती. रेंजवर काढली, तर गोळ्या एकीकडे, नळकांडी दुसरीकडे, आणि पांढऱ्याशुभ्र खिशात दारूचे काळे दाणे.

"हबीबी, ये क्या है? काली खसखस?"

भाऊ हसले. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. तेवढ्यात उस्ताद आले. एक नळकांडं उचलून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मेरे वर्कशॉप का माल है, अरबाब. आधा घंटा दो."

"इन्शाल्लावाला आधा, या सच्चीवाला?"

"सच्चीवाला."

वर्कशॉपात त्यांनी नवी काडतुसं भरायला घेतली, गोळी नळकांड्यात सरळ आणि घट्ट बसवत. मला राहवेना. "लेकिन उस्ताद, खाचा तो दूर रह गया."

"रहने दे. तू सांगली से आया, बीच में कितनी खाली जगह थी? पहुँचा ना?"

"विमान में पट्टा बांधके आया था."

"बस. गोली को भी वही चाहिए. पहले पट्टा, फिर छलांग."

अरबाबनी पाच गोळ्या झाडल्या. मग निशाण्याच्या कागदावर गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, इवलासा कप पालथा ठेवला. चार भोकं झाकली गेली, पाचवं कडेनं डोकावत होतं.

"ये पाँचवाँ किसका?"

"ये कंधे का है, अरबाब," उस्ताद म्हणाले.

अरबाब इतके हसले की ऑपरेशनचा खांदा धरावा लागला. "खलास. इसको रखो. खसखस से दूर रखो."

दिवाळीत उस्तादांना करंज्या द्यायच्या म्हणून मी मुसाफ्याच्या कामगारवस्तीतल्या खोलीत बायकोला फोनवर विचारत विचारत तळल्या. सगळ्या तेलात उघडल्या, सारण बाहेर. खोलीवर आलेल्या उस्तादांनी कढईत डोकावून फक्त विचारलं, "पट्टा?"

पण एक ना एक दिवस मी त्यांना कडा न उसवलेल्या करंज्यांचा डबा भरून देणार आहे. खसखस घालून.